ओटा, पोढी आणि करंज : जुन्नरच्या दगडांत कोरलेले अंगण

१/
चैत्र लागला की घोडेगावजवळच्या आमच्या घरी संध्याकाळी सगळ्यांचा मुक्काम अंगणात असतो. यंदा मात्र अंगणाचाच प्रश्न उभा राहिला. सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवण्याचे अंदाजपत्रक घेऊन काका आले आणि घरात दोन तट पडले. मी मातीच्या बाजूने बोलू लागले तेव्हा चुलतभावाने चेष्टेने विचारले, "तुझ्या लेण्यांत अंगणाबद्दल काय लिहिलंय?" उत्तर शोधायला बसले आणि लक्षात आले, की बरेच काही लिहिले आहे. आजचा धागा त्या उत्तराचा.

२/
आधी भूगोल. कल्याण, सोपारा या बंदरांकडून घाटावर येणारा प्राचीन व्यापारी मार्ग नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. या नगराभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा आणि मानमोडी येथे, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत दीडशेहून अधिक बौद्ध लेणी कोरली गेली. एका नगराभोवती लेण्यांची एवढी दाटी महाराष्ट्रात क्वचितच आढळते.

३/
'लेणे' हा शब्द आपण कोरीव गुहेसाठी वापरतो. पालीत 'लेण' म्हणजे आसरा, निवारा, सुरक्षित जागा. थोडक्यात, ज्याला आपण आज स्मारक म्हणून पाहतो ते त्या काळी कुणाचे तरी राहते घर होते. भिक्षूची खोली आठ-नऊ फुटांची, आत एक दगडी ओटा, तोच बिछाना. एवढ्याशा अंधाऱ्या खोलीत माणूस दिवसभर बसू शकत नाही. म्हणून या घरांचा खरा संसार खोलीबाहेर होता. आपण मात्र चैत्यगृह पाहतो, फोटो काढतो आणि खोलीबाहेरच्या त्या जागेवरून चालत निघून जातो.

४/
या वेळी बाहेरची जागा पाहू. लेण्याद्रीचे सातवे लेणे, जिथे आज गिरिजात्मज गणपती आहे, ते मुळात मोठे विहार. मधल्या विस्तीर्ण दालनात एकही खांब नाही, तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आणि पुढे ओसरी. या ओसरीत खांबांच्या ओळीत दगडी बाक कोरलेला आहे. खांब बाकातूनच वर गेलेले आहेत आणि बसणाऱ्याला टेकता यावे म्हणून बाकाला दगडाचीच पाठ ठेवली आहे. ज्याने हे कोरवून घेतले त्याला दगडात बसण्याचे सुख समजत होते.

५/
ही लेणी दक्षिणाभिमुख आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे कोवळे ऊन ओसरीत आतवर येते. चैत्र-वैशाखात तो जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून भर दुपारीही ओसरी सावलीतच राहते. समोर कुकडीचे खोरे, पलीकडे शिवनेरी. एप्रिलच्या दुपारी पायऱ्या चढून घामाघूम झालेला माणूस त्या बाकावर टेकला, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या बांधकामावर त्याला वेगळे व्याख्यान लागत नाही.

६/
दुसरी गोष्ट, पाणी. लेण्याशेजारी खडकात खोदलेल्या टाक्याला शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. आजही लेण्यांचे अभ्यासक हाच शब्द वापरतात. पावसाचे पाणी खडकातल्या पन्हाळींनी टाक्यात उतरवायचे आणि पुढचे आठ महिने पुरवायचे. डोंगरावरच्या घराला याशिवाय गत्यंतर नाही. पण लक्षात घेण्याजोगे हे, की पोढी हे लेण्यासोबत आपोआप येणारे उपांग नव्हते. ते स्वतंत्र दान होते, त्याचा स्वतंत्र लेख होता आणि देणाऱ्याचे नाव त्यावर स्वतंत्रपणे कोरले जात होते.

७/
दाते पाहा. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या वा ग्रीक म्हणवणाऱ्या माणसाने, दोन पोढींचे दान नोंदवले आहे. मानमोडीवर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने एक पोढी आणि एक मंडप दिला. लेखात वर्ष ४६ आहे. ते शक संवताचे मानले तर इ. स. १२४. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि त्यासोबत पोढी दिली. परदेशी, मंत्री, व्यापारी असे तिघे तीन तऱ्हेचे, पण तिघांनाही पाणी हे दान म्हणून देण्याजोगे वाटले.

८/
अयमाच्या लेखातली जोडी पुन्हा वाचा : पोढी आणि मंडप. म्हणजे पाणी आणि बसायला आच्छादित जागा. राज्याचा अमात्य पुण्यासाठी काय देतो, तर एवढेच. आज 'घराबाहेर शांत बसायला एक कोपरा हवा' असे म्हणून आपण दुकानांतून झोपाळे, कृत्रिम हिरवळ आणि दिव्यांच्या माळा पाहत हिंडतो. त्या यादीतील अनावश्यक गोष्टी खोडत गेलो, तर शेवटी अयमाच्या दोन वस्तू उरतात. तिसरी एक आहे, ती पुढच्या लेखात.

९/
तिसरी वस्तू, सावली. मानमोडीच्या लेण्यांत या धाग्यातला माझा सर्वांत आवडता लेख आहे. दाता शक, नाव अदुथुम, बौद्ध उपासक. त्याने कोणाचिक नावाच्या श्रेणीकडे व्यवस्था सोपवून जमीन दिली : वडालिका गावात करंजमुळाशी २० निवर्तने आणि कटपुतक गावात वडमुळाशी ९ निवर्तने. निवर्तन हे जमीन मोजण्याचे प्राचीन माप. मध्य आशियातून आलेल्या कुळाचा माणूस जुन्नरला येतो, आणि त्याचे नाव इतिहासात राहते ते करंज आणि वड या दोन झाडांच्या सोबतीने.

१०/
लेखातल्या 'मूल' या शब्दामुळे वाचनाचे दोन मार्ग निघतात. करंज आणि वड लावण्यासाठी दिलेली जमीन असा एक अर्थ केला गेला आहे. करंजाच्या, वडाच्या बुडाशी असलेली जमीन, म्हणजे झाड ही शेताची खूण, असाही अर्थ घेता येतो. मला दोन्ही अर्थ मोलाचे वाटतात. पहिल्यात झाड हे दानाचे प्रयोजन आहे. दुसऱ्यात गावातले एकेक झाड इतके सर्वांच्या ओळखीचे आहे, की कायमच्या दस्तऐवजात पत्ता म्हणून ते पुरते.

११/
आणि करंजच का, हे चैत्रात कळते. फाल्गुनात तो पाने टाकतो, पण बोडका फार दिवस राहत नाही. ऊन चढू लागते तशी चकचकीत पोपटी पालवी येते, मागोमाग फिकट जांभळट पांढरी फुले, आणि खाली त्यांचा सडा. ऐन उन्हाळ्यात दाट सावली देणारे हे झाड कमी पाण्यावर तगते आणि गुरे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. बियांचे तेल दिव्याला चालते. सावली, फुले आणि दिव्याचे तेल असे तिन्ही देणारे झाड या भागात शोधायचे, तर करंजाचे नाव आधी येते.

१२/
आता कळीचा मुद्दा. झाड लावले, पुढे काय? पोढी दिली, गाळ कोण काढणार? जुन्नरच्या दात्यांनी हा प्रश्न टाळलेला नाही. जमीन वा रक्कम ते कारागिरांच्या, व्यापाऱ्यांच्या श्रेणींच्या स्वाधीन करत. मूळ ठेव तशीच ठेवून उत्पन्नातून ठरलेला खर्च चालायचा. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. गिरिभूती नावाच्या दात्याने लेणे आणि पोढी तर दिलीच, शिवाय नगरातील धम्मुत्तरिय भिक्षुणींच्या निवासासाठी अक्षयनीवीही लावून दिली. बांधण्याचा खर्च आणि सांभाळण्याचा खर्च वेगळा असतो, हे या लोकांनी दगडात लिहून ठेवले आहे.

१३/
तरीही काय उरले ते पाहा. ओसरीतले बाक उरले. पोढ्या उरल्या, काहींत आजही पाणी असते. करंजांचे ते शेत मात्र आज कुणी दाखवू शकत नाही. श्रेणी विरल्या, भिक्षू गेले, पाणी घालणारे हात थांबले, आणि झाडे गेली. दगडाला माणूस नसला तरी चालते. झाडाला, अंगणाला, सारवलेल्या जमिनीला तो रोज लागतो. इतिहासाच्या पुस्तकांत दगड जास्त आणि अंगणे कमी दिसतात, याचे एक कारण हेही आहे.

१४/
मधल्या काळावरून भरभर जाऊ. निजामशाहीचा आरंभ जुन्नरातून झाला. नगरालगतच्या हापूसबाग गावात त्या काळाची आठवण देणारा भव्य हबशी घुमट आहे. बाग मात्र फक्त गावाच्या नावात उरली. पुढे १८३८ पासून दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक असलेले स्कॉटिश शल्यवैद्य अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली जुन्नर भागात हिवरे येथे औषधी वनस्पतींची बाग होती. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. ते गेले, आणि कालांतराने ती बागही गेली. राजाची असो वा कंपनीची, माणूस हलला की बाग हलते.

१५/
या सगळ्यांपेक्षा चिवट निघाले ते साधे अंगण. ओटा, ओसरी, पाण्याचा रांजण, तुळशीवृंदावन आणि कडेला एखादे झाड. लेण्यांतून थेट हीच परंपरा घरांत उतरली असा दावा मी करत नाही, त्याला पुरावा नाही. पण बैठक, पाणी, सावली ही गरज तीच. अंगणाला अक्षयनीवी नव्हती. होते ते बायकांचे कष्ट : पहाटेचा सडा, आठवड्याचे सारवण, दारातली रांगोळी. चैत्रात चैत्रांगणाची रांगोळी, चैत्रगौरीचे हळदीकुंकू, कैरीची डाळ आणि पन्हे. वसंताचा हा सारा सोहळा ज्या जमिनीवर व्हायचा, ती जमीन रोज कुणीतरी तयार केलेली असायची. त्या दानाचा लेख कुठेही कोरलेला नाही.

१६/
माझी आजी आंबेगावची. आंबेगाव तालुका नकाशावर आहे, पण ते मूळ गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठिकाण घोडेगाव. उन्हाळ्यात पाणी खूप उतरले की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात. आजीला एकदा तिथे नेले होते. चिखलात जोत्यांच्या ओळी होत्या. तिने घर ओळखले ते भिंतीवरून नव्हे, भिंती नव्हत्याच. दाराबाहेरच्या ओट्याच्या दगडांवरून ओळखले. पाण्यानेही आधी माती नेली आणि दगड ठेवला.

१७/
धरणाने दुसरेही एक काम केले. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर-आंबेगावची कोरडवाहू शेती बागायती झाली, ऊस वाढला. उसाच्या फडात बिबट्याला लपण मिळाले, पिल्ले वाढवायला जागा मिळाली. आज जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे आणि गावोगावी संध्याकाळनंतर दारे लागतात. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपण्याची पद्धत एका पिढीत संपली. माणसे गमावलेली घरे आमच्या परिसरात आहेत. म्हणून 'अंगणात निवांत बसा' हे वाक्य आमच्याकडे सहज लिहिता येत नाही. आमच्या अंगणांचा इतिहास लिहायचा तर धरण, ऊस आणि बिबट्या हे तीन शब्द त्यात येणारच.

१८/
काकांच्या पेव्हर ब्लॉकमागे हीच भीती होती, हे मला वादाच्या दुसऱ्या दिवशी समजले. फरसबंदी झाली की गवत नाही, झुडूप नाही, लपण नाही. शिवाय चिखल नाही, आणि आईला सारवण नाही. ही कारणे खोटी नव्हती. मातीच्या अंगणाची ओढ मला होती, पण ते सारवणारा हात माझा नव्हता. मी पुण्याहून सुट्टीला येणारी, सारवणारी आई. लेण्यांतला पोढीचा लेख मी अभिमानाने वाचून दाखवत होते आणि गाळ काढण्याचा भाग वगळत होते.

१९/
शेवटी ठरले ते असे. गाडी उभी राहते तिथे फरसबंदी, घराजवळचा अर्धा भाग मातीचा. भिंतीला लागून जुन्या जोत्याच्या दगडांचा ओटा, म्हणजे पाठ भिंतीला आणि नजर अंगणभर. कोपऱ्यात मातीचा रांजण आणि पाखरांसाठी पसरट परळ. उसाच्या बाजूला झुडूप अजिबात नाही, उजेडाला एक दिवा. आणि ओट्यापासून थोड्या अंतरावर करंजासाठी खड्डा. झुडपाने आडोसा होतो, करंजाचे खोड मोकळे ठेवता येते. बसायची वेळ दुपार कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत. त्यानंतर सगळे आत.

२०/
करताना ध्यानात ठेवण्याजोगे एवढेच : चैत्रात रोप लावण्याची घाई करू नका. आत्ता दोन-अडीच फूट खोल खड्डा काढा, महिना-दीड महिना ऊन खाऊ द्या, मग माती आणि शेणखत भरून ठेवा आणि पहिला चांगला पाऊस झाला की रोप लावा. खड्डा भिंतीपासून दूर, कारण करंज मोठा होतो. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवायचे नाही. यंदाच्या वसंतात ओटा आणि पाणी एवढेच तयार होईल. सावलीला काही वर्षे लागतील.

२१/
खड्डा काढून झाला तेव्हा आजी ओट्यावर येऊन बसली. मी तिला अदुथुमाची गोष्ट सांगितली, २० निवर्तने, श्रेणी, सगळे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "झाड लावाया कुणालाबी येतं, पोरी. पानी कोन घालनार ते आदी ठरीव." त्या रात्री स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वारांपुढे नावे लिहिली गेली. सारवणही आता आईच्या एकटीच्या वाट्याला नाही, रविवार चुलतभावाचा, सुट्टीत माझा. आमची अक्षयनीवी ती एवढीच, आणि ती अक्षय राहील याची खात्री अजून कुणालाच नाही.

२२/
तुमच्यापैकी कुणी या वसंतात जुन्नरला जाणार असाल, तर लेण्याद्रीच्या ओसरीतल्या बाकावर दहा मिनिटे नुसते बसा. पोढीत वाकून पाहा, त्यात बाटली मात्र टाकू नका. मानमोडीला जाताना शांत राहा, तिथल्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. आणि घरी परतल्यावर एक करा : आजी-आजोबांना त्यांच्या जुन्या घराबाहेर बसायला कुठे जागा होती, पाणी कुठे असायचे आणि सावली कोणत्या झाडाची होती, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे लिहून ठेवा, गावाच्या नावासह. जमल्यास इथे खाली सांगा. ओट्याला, पडवीला, रांजणाच्या जागेला तुमच्या गावात काय म्हणतात तेही लिहा. ते शब्द मला पुढच्या धाग्यासाठी हवे आहेत.